तांदळाआधी घेतलेलं नाव

१

बंद वस्तू दिसली की मीनाच्या बोटांना खाज सुटायची. मिक्सर अडला, की मेकॅनिकचा फोन लागायच्या आत तिनं तो चार ठिकाणी उघडून ठेवलेला असे. भोकरदनला खत-बियाण्यांचं दुकान चालवणारा तिचा नवरा राधेश्याम तर आल्यागेल्याला सांगायचा, की आमच्या घरात चोर शिरला ना, तर ही बाई आधी त्याला बसवून विचारील, बाबा, कडी बाहेरून कशी काढलीस ते दाखव.

त्यामुळे रूपालीनं जेव्हा जालन्यातल्या त्या खेळाचं सांगितलं, तेव्हा मीनाच सगळ्यात आधी तयार झाली. रूपाली म्हणजे मीनाच्या लेकीची, प्रीतीची, कॉलेजातली मैत्रीण, आता जालन्यात बँकेत लागलेली. एका खोलीत कोंडतात, खोली अंतराळयानासारखी केलेली असते आणि कोडी सोडवत सोडवत आपण बाहेर यायचं. प्रीतीचं लग्न तोंडावर आलं होतं. लग्नाआधी पोरीनं एक दिवस मैत्रिणीबरोबर हसून खेळून घ्यावं, एवढाच हेतू. आणि सासूबाईंना, म्हणजे साळूबाईंना, घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून त्याही गाडीत बसल्या.

राजूरला थांबून पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली. तिथून निघाल्यावर, मागच्या सीटवर प्रीती गाणी लावण्यात दंग आहे असं बघून, मीनानं इतके दिवस गिळलेली गोष्ट नवऱ्यापुढे काढली. अंकुशनगरच्या व्याह्यांनी राशी बघून सुनेचं नवं नाव ठरवलं होतं, वेदिका. ते बदलू नका म्हणावं, पोरीचं आहे ते नाव राहू द्या, असं एकदा त्यांना सांगा ना, असं ती म्हणाली.

राधेश्यामनं आरशातून मागं बघितलं. "मांडव पडायची वेळ आली अन् आता नावावरून वाद घालू का? तुझं न्हाई का बदललं? काय बिघडलं मंग तुझं?"

काय बिघडलं, हे मीनाला एकदम सांगता येईना. ती खिडकीबाहेरची कपाशी बघू लागली. परत येताना पुन्हा विषय काढायचा, हे मात्र तिनं मनाशी पक्कं केलं.

२

साड्यांची खरेदी उरकेपर्यंत दुपार कलली. प्रीतीला धुळीची, कोऱ्या कापडाच्या खळीची ॲलर्जी. दुकानात बसल्यापासून तिच्या शिंका चालू होत्या. तिच्या शिंकाही ठरलेल्या, लागोपाठ तीन, आणि तिसरीनंतर एक लांब "हुश्श". दुकानदारानं शेवटी हसून तिच्यासाठी पंखा बंद केला.

खेळाची जागा नव्या मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, पलीकडे, एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर होती. पाटीवर निळ्या अक्षरांत 'शेवटचं यान' लिहिलेलं. खाली गॅरेज, त्याच्या पत्र्यावर ठोकाठोकी चाललेली. राधेश्याम गाडीपाशीच थांबला, त्याला झोप काढायची होती.

वर कारभारी नावाचे एक गृहस्थ बसले होते. जागा त्यांची, खेळ जावयाच्या डोक्यातला. जिन्यातून वर येताच साळूबाईंनी दाराशी चपला काढल्या, मग बाकीच्यांनीही मुकाट्यानं काढल्या. कारभारींनी चपला असू द्या म्हणून सांगितलं, पण कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखं वाटत असताना पायात चपला कशा ठेवायच्या, हे त्यांना कुणी समजावून सांगायच्या भानगडीत पडलं नाही.

त्यांनी खेळ समजावला. यान बिघडलंय. आत दोनच खोल्या, पुढची कंट्रोलची आणि मागची इंजिनाची. तासाभरात सगळ्या प्रवाशांनी बाहेर पडायचं. आत जाताना दारातल्या माइकमध्ये प्रत्येकानं आपापलं नाव सांगायचं, हिरवा दिवा लागला की पाऊल टाकायचं.

साळूबाईंनी नाव असं सांगितलं, की खालच्या गॅरेजवाल्यालाही कळलं असेल. हिरवा दिवा. मीना, हिरवा. रूपाली, हिरवा. प्रीती माइकपाशी गेली तशी रूपालीनं तिला मागून चिमटा काढला आणि कानात काहीतरी म्हणाली. प्रीती लाजली, हसली आणि माइकला तोंड लावून म्हणाली, "वेदिका."

दिवा लगेच लागला नाही. कारभारी खुर्चीतून उठणार एवढ्यात तो लागला.

साळूबाई मात्र चिडल्या. लग्नात नवरदेव ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहितो, ते वाचून सगळ्यांत साखर वाटतात, मग ते नाव पोरीचं होतं. त्याआधी ते तिनं स्वतःच्या तोंडानं घ्यायचं नसतं. "तांदळात लिहिल्याबिगर नाव घेऊ न्हाई गं," त्या म्हणाल्या. "जुनं सुटलं न्हाई अन् नवं लागलं न्हाई, असं अर्धवट व्हतंय."

आजी, हा खेळ आहे, असं म्हणत रूपालीनं त्यांना आत नेलं. दार मागं लागलं.

३

आत शिरल्यावर मीनाला खरं सांगायचं तर मजाच वाटली. थर्माकोलवर चंदेरी कागद डकवून भिंती केल्या होत्या. जुन्या टीव्हीचे डबे, त्यात लुकलुकणारे दिवे, छताला तारे. इंजिनाचं गोल तोंड म्हणजे वॉशिंग मशीनचा ड्रम आहे, हे तिनं पहिल्याच नजरेत ओळखलं आणि जावयाच्या हुशारीचं कौतुक केलं. ती प्रत्येक वस्तू उलटीपालटी करून बघत होती. पहिलं कोडं तिनं सोडवलं, दुसरं रूपालीनं. साळूबाई कप्तानाच्या खुर्चीत मांडी घालून बसल्या होत्या आणि खुर्ची फिरते हे कळल्यापासून त्यांचा रागही पळाला होता.

पुढच्या खोलीचं शेवटचं कुलूप उघडलं, तेव्हा छतातून एका बाईचा आवाज आला. मशीनचा, सपाट, रेल्वे स्टेशनवर असतो तसा. तो म्हणाला, "यानातले प्रवासी: साळूबाई, मीना, रूपाली, वेदिका." जरा थांबून तोच आवाज पुढे म्हणाला, "मागच्या कक्षातली प्रवासी: प्रीती."

सगळ्या हसल्या. ही करामत रूपालीचीच, असं ठरवून प्रीतीनं तिला धपाटा घातला. रूपाली शपथेवर सांगू लागली, की मी बुकिंगला माझं एकटीचं नाव दिलंय, बाकी कुणाचं नाही.

मीनानं विचार केला. आत आल्यापासून आपण किती वेळा "प्रीती, इकडं बघ", "प्रीती, हात लावू नको" म्हणालो असू. माइकनं ऐकलं असेल. आता तर फोनसुद्धा आपलं बोलणं ऐकतो, बोलावं हळदीचं आणि जाहिरात दिसावी हळदीची. हे उत्तर तिला बरोबर वाटलं. फक्त एक कुसळ राहिलं. कारभारी दोन खोल्या म्हणाले होते. दुसरीला इंजिनाची खोली म्हणाले होते. मागचा कक्ष कुठला?

४

इंजिनाची खोली अरुंद होती आणि कैक दिवस झाडलेली नसावी. पाऊल टाकताच धूळ उडाली. साळूबाईंना ठसका लागला, मीनाचेही डोळे चुरचुरले.

प्रीती भिंतीवरच्या आकड्यांच्या बटणांपाशी वाकून उभी होती. धूळ तिच्या केसांवर बसत होती. मीना वाट बघत राहिली, कशाची ते आधी तिचं तिलाच कळलं नाही. मग कळलं. पोरगी शिंकत नव्हती.

बरं वाटतंय वाटतं, असं मीना मनाशी म्हणते न म्हणते, तोच समोरच्या भिंतीच्या पलीकडून शिंक आली. मग दुसरी. मग तिसरी. आणि एक लांब "हुश्श".

मीनानं भिंतीकडं बघितलं, मग पोरीकडं. दोघी पोरींनी ऐकलं नव्हतं, त्या साळूबाईंना पाणी पाजत होत्या... नाही, रूपाली पाणी पाजत होती. प्रीती तिथंच बटणांपाशी होती.

"प्रीती," मीनानं हाक मारली.

पोरीनं मान वळवली नाही.

"प्रीती, अगं."

ती बटणं दाबत राहिली, हलकंसं गुणगुणत. जणू हाक शेजारच्या घरातल्या कुणाला होती. आवाज चढवायला मीनाला धीर होईना. तेवढ्यात रूपालीनं पाण्याची बाटली बंद करत गमतीनं हाक दिली, "ओ वेदिकाबाई," आणि पोरगी चटकन वळली. "काय गं?" म्हणाली. चेहरा तोच, हनुवटीवरचा तीळ तोच, हसणं तेच.

थट्टा करून राहिली आपली, असं मीनानं स्वतःला बजावलं. दोघी मैत्रिणींनी ठरवून आईची फिरकी घेतली असेल. शिंका रेकॉर्ड करून आणल्या असतील, पोरी काय कमी असतात का. पण एवढं सगळं मनाशी मांडून झाल्यावरही तिचा हात भिंतीवर टकटक करतच होता. प्लाय पोकळ वाजत होतं. पलीकडून कुणीतरी हळूच टकटक केली.

५

त्या भिंतीत एक गोल काच बसवलेली होती, जहाजाला असते तशी. काळी, आरपार काही न दिसणारी. ती कशी बसवलीय, कड्याला स्क्रू आहेत की नुसतं चिकटवलंय, हे बघायला मीना तिच्यावर डोळा लावून उभी राहिली. खरं कारण ते नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. पण माणूस स्वतःलाही काहीतरी सांगत असतो.

शेवटचं कोडं पोरींनी सोडवलं. यंत्र घरघरलं, सगळे दिवे क्षणभर लख्ख झाले आणि काचेच्या पलीकडेही उजेड पडला.

पलीकडे एक अरुंद जागा होती. बाकडं होतं. बाकड्यावर प्रीती बसली होती, तोच सकाळपासूनचा मोहरीच्या रंगाचा कुर्ता, ओढणीचं टोक नाकावर धरलेलं. तिचे डोळे रडून लाल झाले होते. तिनं मान वर केली आणि आईला बघितलं.

तिच्या शेजारी आणखी कुणीतरी होतं. काचेच्या कडेमुळे सगळं दिसत नव्हतं. लाल रिबिनीनं दुमडून बांधलेली एक वेणी तेवढी दिसली, आणि एक बारीक सावळा हात, प्रीतीच्या पाठीवरून फिरणारा.

उजेड गेला. बाहेरचं दार उघडलं. "सुटका पूर्ण. चार प्रवासी बाहेर," असं तो आवाज म्हणाला, आणि रूपालीनं टाळ्या वाजवत मीनाला दंडाला धरून बाहेर ओढलं.

६

मीना बाहेर आली ती थेट कारभारींपुढे. त्या काचेमागं काय आहे, हे तिनं विचारलं. काही नाही, ते म्हणाले, काळ्या रंगाची काच आहे, प्लायवर चिकटवलेली, प्लायमागं इमारतीची भिंत आणि भिंतीमागं हवा. मग मागच्या कक्षाचं काय, असं तिनं विचारलं. असा कक्ष आमच्या खेळात नाही, ते म्हणाले, आणि तिचा चेहरा बघून त्यांनी जावयाला फोनही लावला. जावईही तेच म्हणाला. आवाज नावं बोलतो का? नाही, आवाज फक्त वेळ सांगतो.

मीना गॅलरीत गेली. कठड्यावरून वाकून तिनं त्या बाजूची भिंत बघितली. सरळ, सपाट, सिमेंटच्या जाहिरातीनं रंगवलेली भिंत होती. खाली गॅरेजचा पत्रा, वर आभाळ. चिमणीला बसायलाही तिथं जागा नव्हती. मीनाला भीती वाटली, चांगलीच वाटली. पण भीतीच्याही वर तिला एक गोष्ट हवी होती, आणि ती म्हणजे खात्री.

पोरगी चपला घालत होती. मीना तिच्यापुढे बसली.

"तुझं नाव सांग बरं."

"आई, काय गं," ती हसली. "वेदिका."

"अन् आधीचं?"

ती विचारात पडली. थट्टा करणारं माणूस विचार करायचं सोंग घेतं, तसं नव्हतं ते. बाजारात येऊन काय आणायचं होतं तेच विसरलेल्या बाईसारखी ती खरंच आठवत होती. "आधीचं?" ती म्हणाली. मग आईच्या गालाला हात लावून मायेनं म्हणाली, "तू दमलीस. सकाळपासून उभी हायस."

हात उबदार होता. तोच मीनाला सगळ्यात जास्त लागला.

तिनं पोरीला उठवलं आणि दारातल्या माइकपुढे उभं केलं. म्हण, प्रीती म्हण, एवढंच म्हण. साळूबाई हसत होत्या, रूपालीचं हसू मात्र मावळलं होतं. पोरगी शहाण्यासारखी पुढे झाली. तिनं ओठ मिटले. मिटलेले ओठ काही केल्या उघडेनात. गळ्याची शीर ताणली, डोळ्यांत पाणी आलं. मग ती श्वास सोडून मागं सरली.

"मला न्हाई जमून राह्यलं, आई," ती म्हणाली. "कोण हाय ती?"

७

राधेश्याम वर आला तेव्हा मीना परत आत गेली होती. कारभारींनी सगळे दिवे लावून दिले होते. उजेडात ते यान म्हणजे नुसतं थर्माकोल, चिकटपट्ट्या आणि वायरींचं जाळं. इंजिनाच्या खोलीत, त्या काचेखाली, मीना जमिनीवर बसली होती.

राधेश्यामनं तिला उठायला सांगितलं. ती उठली नाही. आधी अंकुशनगरला फोन लावा, ती म्हणाली, आणि नाव बदलायचं नाही म्हणून सांगा. इथं? आत्ता? त्यानं विचारलं. आत्ता, ती म्हणाली, माझ्यासमोर. तिच्या आवाजात असं काही होतं, की राधेश्यामनं खरंच खिशातून फोन काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, तिनं त्याच्याकडं असं हटून काही मागितलं नव्हतं. त्यानं व्याह्यांचा नंबर काढला. बोट बटणावर ठेवलं.

दारात पोरगी येऊन उभी राहिली. "पप्पा, कशाला उगी? मला आवडतंय नाव."

राधेश्यामनं मीनाकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. "ऐकलं? तिलाच चालतंय. मंग आपला काय हट्ट हाय?" फोन खिशात गेला. "ये खाली, माझी आई दमली. गाडी काढतो." साळूबाईंना आधार देत तो जिना उतरायला लागला. पोरगी थोडा वेळ थांबली, मग तीही त्याच्या मागं गेली. तिची चाल प्रीतीचीच होती.

मीनानं भिंतीला कान लावला.

पलीकडून रडणं ऐकू येत होतं. लहानपणी शाळेतून उशिरा न्यायला गेलं की प्रीती रडायची तसं, आवाज दाबून. मीनानं प्लायला नखं लावली, कड शोधली. आयुष्यभर तिनं हरेक बंद वस्तू उघडली होती. स्क्रू कुठं आहे, कड कुठं सुटते, हे तिला बोटांनी कळायचं. या भिंतीला कड सापडत नव्हती. सिमेंटमधून उगवून आल्यासारखं ते प्लाय एकसंध होतं.

मग पलीकडून दुसरी पोर बोलली. आवाज कोवळा, खेड्यातला.

"रडू न्हाई," ती म्हणाली. "ये, माझ्याजवळ सरक. मी झुंबर."

मीनाचे हात थांबले. ताटातल्या तांदळावर तिच्या नवऱ्यानं अंगठीनं मीना असं लिहिलं, त्या दिवसापर्यंत तिला सगळे झुंबर म्हणत. त्यानंतर कुणी म्हणालं नाही. आई होती तोवर तीसुद्धा, व्याह्यांना वाईट वाटेल म्हणून, मीनाच म्हणायची.

"माझी आई आलीय भायेर," प्रीती हुंदके देत म्हणाली. "मला आवाज येऊन राह्यला तिचा."

"माझी बी आल्ती," झुंबर म्हणाली. "भिंतीपर्यंत आल्ती."